सनद मिळाल्यानंतरची तीन वर्षं

मुलगी इंजिनीअर होणार म्हटलं की घरातले खूश होतात. डॉक्टर होणार म्हटलं तर नातेवाईकही खूश होतात, कारण फोनवर फुकट औषध विचारायची सोय होते. मुलगी वकील होणार म्हटलं की मात्र सगळेच जरा गप्प होतात. मग कुणीतरी विचारतं, 'मॅजिस्ट्रेटची परीक्षा देणार असेल ना?' म्हणजे निदान पगार, गाडी, दाराशी शिपाई. त्यावर ती मुलगी म्हणाली की 'नाही, ज्यांना वकील परवडत नाही त्यांची कामं करायची आहेत', तर झालंच. आई उठून स्वयंपाकघरात जाते आणि वडील टीव्हीचा आवाज वाढवतात.

आमच्या वडप्यात अशी एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, गाव लहान आहे. बी.कॉम. होऊन तिने सीईटी दिली आणि आता तीन वर्षांच्या एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या शेजारणीची मुलगी, मला काकू म्हणते. मी या गावची सून, त्याला आता तीस वर्षं होतील. तिचं लहानपण आणि गावाचं बदलणं मी एकदमच पाहिलं.

वडपे म्हणजे भिवंडी तालुक्यातलं मुंबई-नाशिक हायवेवरचं गाव. बाहेरच्यांना ते ट्रॅफिकच्या बातम्यांतून माहीत असतं. वडपे ते माजिवडा रुंदीकरण, वडप्याला कंटेनर उलटला, वगैरे. जिथे भाताची खाचरं होती तिथे आज गोदामं आहेत. तुमच्या घरी खोक्यातून येणारा मिक्सर किंवा मोबाइल बहुधा आमच्याच परिसरातून निघालेला असतो. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा इथून जवळच आमण्यापर्यंत खुला झाला. रस्ता आला की जमिनीला भाव येतो, आणि जमिनीला भाव आला की बहिणींची आठवण होते. म्हणजे त्यांच्या सहीची.

हक्कसोडपत्र हा शब्द आमच्याकडच्या बायकांना शाळेत न जाता पाठ आहे. भाऊबीजेच्या आधी किंवा नंतर, कधी साडी देऊन, कधी 'माहेर तुटेल हं' असं न बोलता सुचवून, सही घेतली जाते. या मुलीने दुसऱ्या वर्षाला हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती वाचली. मुलीला मुलाइतकाच जन्मजात वाटा. मग सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा खटल्यातला निकाल वाचला. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, असा. आणि एक दिवस जेवताना तिने वडिलांना विचारलं, 'बाबा, आपल्या आत्यांनी हक्कसोड कधी दिली?'

वडील म्हणाले, 'तुझी कॉलेजची फी कुठून आली असं वाटतं तुला?'

हे मला तिनेच सांगितलं. सांगताना ती रडली वगैरे नाही. म्हणाली, 'काकू, कायद्याने आता काही होत नाही. नोंदणी करून, राजीखुशीने सही दिली असेल तर ती दिली. फसवणूक सिद्ध करता आली तर गोष्ट वेगळी. सही करायच्या आधी त्यांना कुणी सांगायला हवं होतं, एवढंच.'

हे 'आधी सांगणारं कुणीतरी' म्हणजे लोकहिताची वकिली. आपल्या डोक्यात मात्र तिचं वेगळंच चित्र असतं. काळा झगा, हायकोर्ट, जनहित याचिका, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. याचिका महत्त्वाच्या आहेतच. त्या नसत्या तर आज बायकांच्या नावावर जे थोडंफार आहे तेही नसतं. पण त्यांची सुरुवात कशी झाली हे पाहिलं तर झगा बराच उशिरा येतो.

शीला बर्से यांचं उदाहरण घ्या. त्या वकील नव्हत्या, पत्रकार होत्या. मुंबईच्या तुरुंगात जाऊन त्यांनी पंधरा महिला कैद्यांशी बोलणं केलं. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं की पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. बर्सेबाईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानलं आणि चौकशीला मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना पाठवलं. म्हणजे पाहणारीही बाईच. १९८३ साली निकाल आला: बायकांसाठी वेगळी कोठडी, तिथे पहाऱ्याला महिला पोलीस, चौकशीच्या वेळी महिला पोलीस हजर, अटक होताच विधी सहाय्य समितीला खबर, नातेवाइकांना खबर, आणि न्यायाधीशांनी अचानक जाऊन कोठड्या तपासायच्या, शक्यतो महिला न्यायाधीशांनी. एका पत्रातून हे सगळं झालं. पण त्या पत्राआधी पंधरा बायकांसमोर बसून ऐकणं होतं.

किंवा वसुधा धागमवार. पुणे विद्यापीठात कायदा शिकवत होत्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तिला आपण मथुरा या नावाने ओळखतो. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमती होती असा तो हिशेब. सप्टेंबर १९७९ मध्ये चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. संमती आणि निमूटपणा यांतला फरक न्यायालयाला कळू नये का, हा त्या पत्राचा रोख. त्यानंतर देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात 'माझी संमती नव्हती' असं तिने सांगितलं तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं, हे तेव्हापासून आलं. धागमवारांनी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या आदिवासींमध्ये काम केलं आणि पुढे दिल्लीत 'मार्ग' ही संस्था १९८५ मध्ये सुरू केली. लोकांना त्यांचे कायदे त्यांच्या भाषेत समजावून सांगण्याचं काम त्या संस्थेने केलं. तेच, आधी सांगणारं कुणीतरी.

आणि आमच्याच हायवेने सरळ पुढे गेलं की नाशिक. तिथे १८६६ साली कॉर्नेलिया सोराबजी जन्मल्या. ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देणारी पहिली बाई. परीक्षा दिली १८९२ साली आणि विद्यापीठाने पदवी हातात ठेवली १९२२ साली. तीस वर्षं! कारण बायकांना पदवी देण्याची पद्धतच नव्हती. बायकांना वकिलीची दारं कायद्याने उघडली ती १९२३ मध्ये. पण बाई त्या तीस वर्षांत वाट बघत बसल्या नाहीत. १९०४ पासून बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या कायदेशीर सल्लागार म्हणून त्यांनी काम केलं. पडद्यातल्या विधवा, पोरकी मुलं, ज्यांची इस्टेट दीर-जावई खाऊन टाकत होते, अशा शेकडो जणींची कामं. पुरुष वकिलाला आत प्रवेश नव्हता आणि बाईला बाहेर यायची मुभा नव्हती. त्या मध्ये उभ्या राहिल्या.

आता या तिघींकडे जरा व्यवहाराने बघू या. एक लेखणीवर जगत होती, दुसरीला विद्यापीठाचा पगार होता, तिसरीला सरकारी पद होतं. गरीब पक्षकाराने दिलेल्या फीवर तिघींपैकी एकीचंही घर चालत नव्हतं. आपण त्यांच्या धैर्याबद्दल बोलतो, ते बरोबरच आहे. पण महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पैशांबद्दल कुणी बोलत नाही. जणू काही लोकांचं काम करणाऱ्या बाईला भूक लागत नाही आणि तिला रिक्षावाला फुकट नेतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या मुलींची लोकहिताची वकिली जिद्दीअभावी अडत नाही, ती सनद मिळाल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांत, पैशांअभावी अडते. शिक्षणाचं आता पुष्कळ सोपं झालं आहे. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस वगैरे मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी राज्य सरकारने २०२४ मध्ये माफ केली. सनदेसाठी बार कौन्सिलं हजारो रुपये घेत होती. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांकडून १२५. छानच. मुलगी वकील झाली. पुढे?

पुढे ज्युनिअरशिप. सीनिअरच्या ऑफिसात सकाळी हजर, मग कोर्ट, तारखा घेणं, नकलांचे अर्ज, संध्याकाळी परत ऑफिस. या कामाचे किती मिळतात? कुठे पाच हजार, कुठे प्रवासखर्च, कुठे 'शिकतेयस ना, हेच पुष्कळ'. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की ज्युनिअरला शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. एका ज्येष्ठ वकिलांशी मी यावर बोलले. ते म्हणाले, 'आम्ही पण असेच शिकलो, कोर्टाच्या बाकावर डबा खाऊन.' खरं असेल. पण तेव्हा घरी डबा करून देणारी कुणीतरी होती आणि 'कधी उजवायची?' असं त्यांना कुणी विचारत नव्हतं. मुलगा चार वर्षं बिनपैशांचा राहिला तर तो उमेदवारी करत असतो. मुलगी राहिली तर ती घरात बसलेली असते, आणि घरात बसलेल्या मुलीला स्थळं येतात.

त्यात न्यायाधीशाच्या परीक्षेची गोष्ट. पूर्वी मुली घरी सांगायच्या, 'एलएलबी झाल्यावर लगेच परीक्षा देते', आणि तेवढ्यावर वेळ मिळायचा. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट घातली. अनुभव नसलेला न्यायाधीश नको, हे तत्त्व मला पटतं. ज्याने कोर्टाची पायरी पाहिली नाही त्याने निकाल कसा द्यावा? पण आमच्यासारख्या घरांमध्ये त्या तीन वर्षांचा अर्थ काय झाला हे दिल्लीत कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. आमच्या शेजारी तो निकाल असा पोचला: 'म्हणजे अजून तीन वर्षं काहीच नाही. मग लग्न करून टाकू, सासरी करील काय ती वकिली.'

रोजचा प्रवासही धरा. भिवंडी कोर्टाला शेअर रिक्षा मिळते. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जायचं तर रांजनोली, माणकोली, सगळे नाके ओलांडत. पावसाळ्यात दीड तास लागला तर देवाचे आभार. हायकोर्टाला जायचं तर ठाण्याहून पुढे लोकल. रात्री साडेनऊला हायवेवर उतरून सर्व्हिस रोडने, कंटेनरच्या रांगेच्या कडेकडेने घरी चालत यायचं. तिची आई रोज नाक्यावर उभी असते. ठाण्यात खोली घेऊन राहायचं म्हटलं तर ज्युनिअरचे पैसे खोलीच्या भाड्यालाही पुरत नाहीत.

'मग एवढ्या लांब जायचंच कशाला? लोकांचं काम करायचं तर मोठ्या शहरात जाऊन मोठ्या संस्थेत नोकरी करावी,' असं सुचवणारेही भेटतात. चांगल्या संस्था आहेत, प्रश्नच नाही. स्वतःच्या संसारात मार खाऊन मग कायदा शिकलेल्या फ्लेविया ॲग्निस यांनी मुंबईत 'मजलिस' उभी केली. तिथल्या वकील बायकांनी पोटगीपासून बलात्काराच्या खटल्यांपर्यंत सामान्य बायकांची कामं लढवली. अशा ठिकाणी वर्ष-दोन वर्षं शिकायला मिळालं तर सोन्याहून पिवळं. पण सगळ्या मुंबईला गेल्या तर वडप्यात कोण?

हा प्रश्न मी भावनेने विचारत नाही. निकाल लागतात मुंबईत, दिल्लीत. ते गावात आपोआप येत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांबाबतच्या याचिकेत सांगितलं की खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला ६ लाख आणि जखमी झाल्यास दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायची. ते ठरवणाऱ्या समितीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आहेत. आमच्या रस्त्यावर खड्ड्यात पडून हात मोडलेल्या बायका मी नावानिशी सांगू शकते. त्यांतल्या एकीनेही अर्ज केलेला नाही, कारण तो कुठे करायचा हे एकीलाही माहीत नाही. कार्यालयीन लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत तिथल्या बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं असतं. गोदामात पॅकिंगला जाणाऱ्या बायकांना विचारा. ठेकेदाराचं पूर्ण नावसुद्धा त्यांना माहीत नसतं, समिती दूरच राहिली. वीटभट्टीवर उचल घेऊन अडकलेली कातकरी कुटुंबं याच तालुक्यात पाहिली आहेत मी. वेठबिगारीचा कायदा १९७६ चा आहे, आणि त्यात पहिली लढाई कोर्टात होत नाही, मुक्तीच्या दाखल्यासाठी प्रांत आणि तहसीलदारांच्या टेबलासमोर होते. तो दाखला मिळाला तर पुनर्वसनाचा मार्ग उघडतो. तिथे झगा लागत नाही, पण कायदा माहीत असलेलं आणि परत परत जाणारं माणूस लागतं. आणि परत परत जायला रिक्षाचं भाडं लागतं.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. हे वाचणाऱ्या प्रत्येकीने आपल्या कामवालीला आणि स्वतःलाही आजच सांगून ठेवावं. गरीब आरोपींसाठी पगारी बचाव वकील नेमायची योजना २०२२ पासून राबवली जाते. पूर्णवेळ, ठरलेलं मानधन. मला ती चांगली वाटते, कारण तिने निदान हे कबूल केलं की गरिबाचा वकील उपाशी ठेवून चालत नाही. पण त्या जागा मोजक्या, जिल्ह्याच्या ठिकाणच्या, आणि फौजदारी कामापुरत्या. हक्कसोडीच्या सहीआधी समजावून सांगायला, भरपाईचा अर्ज भरायला, भट्टीवरून तहसीलला न्यायला तिथलं कुणी येणार नाही.

म्हणून मला एक साधा उपाय सुचतो. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. गोदामांच्या पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींची घरपट्टी ही काही डोंगरातल्या पाड्यासारखी नाही. त्या पैशांतून शिलाई मशीन येतात, कधी कुकर येतात. येऊ देत. पण त्यातलेच थोडे पैसे देऊन गावातल्या किंवा आजूबाजूच्या गावातल्या एका नव्या वकील मुलीला आठवड्यातून एक दिवस पंचायतीच्या खोलीत बसवता येणार नाही का? महिन्याला चार दिवस. अशी पाच गावं एकत्र आली तर तिचं आठवड्याचं काम ठरलं आणि बार कौन्सिलने म्हटलेल्या पंधरा हजारांच्या आसपास मानधन जमलं. उरलेल्या दिवशी तिने कोर्टात जाऊन शिकावं. यात उपकार कुणावरच नाही. पंचायत रस्त्याच्या ठेकेदाराला पैसे देते तेव्हा तो त्याग करतो असं कुणी म्हणत नाही.

हे बोलले तेव्हा एका गृहस्थांनी विचारलं, 'आणि ती मुलगी पंचायतीविरुद्धच अर्ज लिहायला लागली तर?' बरोबर शंका आहे. म्हणून मानधन ठरवताना मुदत लिहून घ्यावी, मधेच काढता येणार नाही असं. आणि लिहिलाच अर्ज, तर लिहू दे की.

तिच्या घरी काय ठरलं ते सांगते. वडिलांनी दोन वर्षं कबूल केली आहेत, तिसऱ्याचं नंतर बघू म्हणाले. तिला तीन हवी होती. आत्यांना मात्र या दिवाळीला तिने आपल्या खोलीत बसवून सातबारा कसा वाचायचा ते दाखवलं. धाकट्या आत्याच्या सासरची जमीनही रस्त्यात जाणार आहे आणि तिथे तिचा नवरा गेल्यावर तिचं नाव लागलंय की नाही हे कुणी बघितलेलं नव्हतं. लागलेलं नाही. आता ते काम हातात घेतलं आहे. वडील ऐकत होते, बोलले काही नाहीत. टीव्ही मात्र बंद होता.

आणि पंचायतीचं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथे हा विषय मांडायचा म्हणून आम्ही अर्ज दिला आहे. अर्ज अर्थातच तिने लिहिला, सह्या आमच्या सतरा जणींच्या. ग्रामसेवक, हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, ते म्हणाले, 'ताई, ठेवून जा, बघतो.' तिने शांतपणे दुसरी प्रत पुढे केली आणि पोच मागितली. त्यांनी शिक्का शोधला, तारीख घातली आणि सही करून दिली.